परवडणारं डेंटल कॉलेज की नावाजलेलं? बीडीएस प्रवेशाबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नीट-यूजी या वैद्यकीय आणि दंत प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की पुढचे दोन-तीन महिने पालकांचे आणि मुलांचे एकाच धर्तीचे मेसेज येत राहतात. मी सांगली जिल्ह्यात दंतवैद्यक व्यवसाय करते आणि नुकतेच बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, झालेले डॉक्टर असोसिएट (हाताखालचे दंतवैद्य) म्हणून ठेवते. त्यामुळे कॉलेजातून मुलं काय शिकून बाहेर पडतात आणि काय शिकायचं राहून जातं, हे रोज डोळ्यांसमोर असतं. उत्तरं महाराष्ट्रातल्या प्रवेशप्रक्रियेला धरून आहेत. शुल्क आणि नियम दर वर्षी बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका जरूर वाचा.

१. बीडीएसची कॉलेजं किती प्रकारची असतात? शुल्कात एवढा फरक का?

ढोबळ तीन प्रकार. पहिला सरकारी: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, शिवाय मुंबई महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय. यांच्या ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी कक्ष भरतो आणि १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्राची एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी).

दुसरा प्रकार खाजगी विनाअनुदानित. ही कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात. त्यांचं शुल्क २०१५च्या राज्य कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं.

तिसरा अभिमत विद्यापीठांचा. पुण्याची भारती विद्यापीठ, पिंपरीची डी. वाय. पाटील, कराडची कृष्णा, लोणीची प्रवरा, वर्ध्याजवळ सावंगीचं शरद पवार दंत महाविद्यालय ही सगळी यात येतात. यांची परीक्षा आणि पदवी स्वतःची, शुल्कही स्वतः ठरवलेलं; राज्याच्या प्राधिकरणाचा त्यावर अंकुश नाही. इथले प्रवेश एमसीसीमार्फत होतात. फरकाचं मूळ कारण हेच. अभिमतचं शुल्क जास्त आहे म्हणून शिक्षणही तेवढ्याच पटीत चांगलं, असा अर्थ त्यातून काढू नका.

२. कमी शुल्काचं कॉलेज म्हणजे कमी दर्जाचं का?

आपल्या राज्यात तर उलटच चित्र आहे. सर्वांत कमी शुल्क सरकारी कॉलेजांचं, आणि प्रवेश मिळायला सर्वांत अवघडही तीच. नायरचं दंत महाविद्यालय १९३३चं आहे. मुंबई, नागपूरच्या कॉलेजांतून पिढ्यान् पिढ्या दंतवैद्य घडले. तुमच्या गुणांवर सरकारी जागा मिळत असेल, तर शुल्क आणि नाव यांत निवड करायची वेळच येत नाही.

खरा पेच त्याखालच्या मुलांचा असतो. एकीकडे प्राधिकरणाने शुल्क ठरवलेलं, फारसं नाव नसलेलं खाजगी कॉलेज आणि दुसरीकडे दुप्पट-तिप्पट शुल्काचं नावाजलेलं अभिमत. पुढची बहुतेक उत्तरं या मुलांसाठी आहेत.

३. पदवीवर कॉलेजचं नाव असतं का? पेशंट ते बघतो का?

संलग्न कॉलेजांत पदवी देतं ते आरोग्य विज्ञान विद्यापीठ. मुंबईच्या शासकीय कॉलेजातल्या मुलीची पदवी आणि तालुक्याच्या गावातल्या खाजगी कॉलेजातल्या मुलाची पदवी एकाच विद्यापीठाची असते. अभिमतची पदवी त्या त्या विद्यापीठाची. व्यवसायासाठी सगळ्यांना महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत एकाच प्रकारची नोंदणी करावी लागते.

दवाखान्याच्या पाटीवर नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक असतो. इतक्या वर्षांत "कोणत्या कॉलेजच्या?" हा प्रश्न मला पेशंटने विचारल्याचं आठवत नाही. दुखलं का, दाढ वाचेल का, पैसे किती, हे मात्र प्रत्येक जण विचारतो.

४. मग नाव सोडून बघायचं तरी काय?

ओपीडी. दंतवैद्यक हा हाताचा धंदा आहे आणि हात पेशंटवरच बसतो. इमारत, वातानुकूलित सभागृह, संकेतस्थळावरचे फोटो यांनी हाताला वळण लागत नाही.

कॉलेज बघायला रविवारी किंवा "कॅम्पस टूर"च्या दिवशी जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, कोणाला न सांगता जा. आधी केसपेपरच्या खिडकीशी थांबा. रांगेत गावाकडची माणसं, म्हातारेकोतारे, शाळेतली पोरं दिसतात की फक्त ॲप्रन घातलेली मुलंच फिरताहेत? मग प्रत्येक विभागात डोकावा. किती चेअरवर पेशंट आहे आणि किती चेअरवर अजून प्लॅस्टिकचं आवरण आहे, ते मोजा. तोंडाच्या शस्त्रक्रिया विभागात दात कोण काढतंय ते बघा. इंटर्न काढत असतील तर उत्तम. फक्त एमडीएसचे, म्हणजे पदव्युत्तर (पीजी) विद्यार्थी काढत असतील आणि इंटर्न मागे उभे राहून बघत असतील, तर तुमच्या मुलाच्याही वाट्याला तेच येणार. पदव्युत्तर जागा भरपूर असलेल्या मोठ्या नावाच्या कॉलेजात हे होऊ शकतं, कारण अवघड आणि चांगल्या केसेस पीजीकडे जातात.

मौखिक निदान विभागात थोडं जास्त थांबा. आपल्याकडे गुटखा, मावा, तंबाखू खाणारा पेशंट चिकार. तोंड दोन बोटांएवढंही न उघडणारा पेशंट चेअरवर बसतो, विद्यार्थी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजतो, गालाच्या आतला पांढुरका, ताठर पट्टा बोटाने चाचपतो आणि नोंद करतो. हे शेकडो वेळा केलेल्या मुलाला पुढे स्वतःच्या दवाखान्यात कर्करोगाची सुरुवात वेळेवर दिसते. फक्त पुस्तकात वाचलेल्याला ती दिसेलच असं नाही. पेशंटचा जीव वाचणं यावर अवलंबून आहे, म्हणून मी प्रत्येकाला सांगते, की बाकी काही बघितलं नाही तरी चालेल, ओपीडी बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

५. 'कोटा' म्हणजे काय? मुलांना पेशंट स्वतः आणावे लागतात हे खरं का?

तिसऱ्या वर्षापासून मुलं क्लिनिकमध्ये जातात आणि प्रत्येक विभागात ठरलेलं काम पुरं करावं लागतं: इतके दात काढणं, इतक्या फिलिंग, इतक्या कवळ्या वगैरे. त्याला मुलं कोटा म्हणतात. तो पुरा झाल्याशिवाय परीक्षेला बसणं अवघड होतं.

ओपीडी भरलेली असेल तर कोटा आपोआप होतो. ती रिकामी असेल तर मुलं मावशी, शेजारी, वॉचमनकाका यांना गाडीभाडं देऊन आणतात आणि उपचाराची फीसुद्धा स्वतःच्या खिशातून भरतात. सर्वांत जास्त धावपळ पूर्ण कवळीच्या पेशंटसाठी. अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिकाला एकही दात नसलेला, हिरडीचा उंचवटा चांगला असलेला आणि सांगितलेल्या दिवशी वेळेवर येणारा माणूस लागतो. असे आजोबा मिळाले की मुलं त्यांना अक्षरशः जपतात.

म्हणून अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला एकटं गाठून विचारा, "एक्झामचा पेशंट कुठून आणणार?" "ओपीडीत मिळतो" असं उत्तर आलं तर कॉलेज चांगलं चाललंय. "बघू, गावाकडून आणावा लागेल" असं आलं तर शुल्काशिवाय हाही खर्च धरा.

६. एनआयआरएफमध्ये वरच्या क्रमांकाचं कॉलेज घेतलं तर डोळे झाकून विश्वास ठेवता येईल ना?

नाही. केंद्र सरकारची ही क्रमवारी दंत महाविद्यालयांसाठी २०२० पासून निघते. त्यात अध्यापन व साधनं, संशोधन, विद्यार्थ्यांचे निकाल, समावेशकता आणि लोकांमधली प्रतिमा असे पाच भाग आहेत. शोधनिबंध जास्त छापणाऱ्या संस्थेचा क्रमांक त्यामुळे वर जातो. संशोधन महत्त्वाचं आहेच, पण तिसऱ्या वर्षातल्या मुलाला दिवसाला किती पेशंट मिळतात हे या क्रमांकातून कळत नाही. शिवाय जी कॉलेजं माहितीच भरत नाहीत, ती यादीत दिसतच नाहीत. म्हणून ती वाईट ठरत नाहीत. कर्जाच्या बाबतीत मात्र या यादीचा एक उपयोग आहे, तो प्रश्न ८ मध्ये सांगितला आहे.

७. शुल्काशिवाय किती खर्च येतो?

बीडीएस चार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप. एमबीबीएसपेक्षा वेगळी गोष्ट अशी, की इथे अवजारं आणि साहित्य बरंचसं विद्यार्थीच घेतो: पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरायचं साहित्य, दुसऱ्या वर्षी टायपोडॉन्ट (सरावासाठीचा कृत्रिम जबडा), मग एअरोटर (दात कोरायचं यंत्र), हँडपीस, इंप्रेशन ट्रे, फाइल्स. कोणती वस्तू कॉलेज देतं आणि कोणती आपण घ्यायची, याची यादी मोठ्या वर्षातल्या मुलांकडून घ्या. जुने विद्यार्थी बरंच सामान अर्ध्या किमतीत देतात.

कार्यालयात हे लेखी विचारा: वसतिगृह व मेस सक्तीची आहे का, विकास शुल्क वेगळं आहे का, दर वर्षी शुल्क वाढतं का, इंटर्नशिपच्या वर्षाचं शुल्क घेतात का, इंटर्नला विद्यावेतन प्रत्यक्षात किती आणि दर महिन्याला मिळतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इंटर्नकडूनही पडताळून घ्या.

८. कर्ज काढून नावाजलेलं कॉलेज घ्यावं का?

कागदावर गणित मांडून ठरवा. समजा वर्षाला ५ लाख, म्हणजे चार वर्षांचे २० लाख कर्ज, व्याज साडेदहा टक्के. शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच राहतं. सरळ व्याजाने धरलं तरी परतफेड सुरू होताना साडेएकोणतीस लाखांच्या आसपास रक्कम उभी राहते आणि दहा वर्षांचा हप्ता महिना चाळीस हजारांच्या घरात जातो. वर्षाला अडीच लाखांच्या कॉलेजात हाच हप्ता निम्मा.

आता दुसरी बाजू. आमच्या भागात नुकत्याच बीडीएस झालेल्या असोसिएटला महिना वीस हजारांच्या आसपास मिळतात. मोठ्या शहरात थोडे जास्त, पण तिथे राहण्याचा खर्चही तसाच. स्वतःचा एका चेअरचा साधा दवाखाना टाकायचा तर चेअर, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, आरव्हीजी (डिजिटल एक्स-रेचा सेन्सर), फर्निचर, जागेचं डिपॉझिट धरून आठ-दहा लाख सहज लागतात. ज्या मुलाच्या डोक्यावर आधीच तीस लाख आहेत, त्याला बँक हे दुसरं कर्ज देताना दहा वेळा विचार करते. हुशार मुलं केवळ हप्त्यापायी वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात अडकलेली मी बघते, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कर्ज घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी तपासा. साधारण साडेसात लाखांच्या पुढे बँका तारण मागतात. केंद्राची २०२४ मध्ये आलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना एनआयआरएफच्या आधारे निवडलेल्या संस्थांना लागू आहे. तिच्यात विनातारण कर्ज मिळतं आणि इतर अटी पूर्ण होत असतील तर ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत मिळते. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का, ते बँकेत विचारा.

९. मुलीला शुल्कमाफी आहे असं ऐकलं. ती सगळीकडे लागू होते का?

नाही, आणि निवड बदलून टाकणारी गोष्ट हीच आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासन ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटांतल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण भरतं. खाजगी विनाअनुदानित कॉलेजही यात येतं, मात्र प्रवेश केंद्रीभूत फेरीतूनच झालेला हवा. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोटा यात नाहीत.

म्हणजे एखाद्या ओबीसी मुलीला खाजगी कॉलेजात शिक्षण शुल्क शून्य आणि शेजारच्या अभिमतमध्ये पूर्ण, अशी परिस्थिती असते. तरीही "नाव मोठं आहे" म्हणून अभिमतला जाणारे पालक भेटतात. कृपा करून आधी हे गणित मांडा.

मुलांसाठी उत्पन्नाची तीच मर्यादा पाळून राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांतून निम्मं शिक्षण शुल्क मिळू शकतं. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त व भटक्या जमातींसाठी स्वतंत्र योजना आहेत. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता ही कागदपत्रं निकालाच्या आधीच काढून ठेवा. ऐन वेळी तहसील कार्यालयात गर्दी असते आणि दाखल्यासाठी जागा हातची जाते.

१०. एमडीएस करायचंच आहे. त्यासाठी मोठ्या कॉलेजातून बीडीएस हवं का?

एमडीएसचा प्रवेश नीट-एमडीएसच्या गुणांवर होतो. बीडीएसचे गुण किंवा कॉलेजचं नाव त्यात मोजलं जात नाही. एमडीएसमध्ये मात्र कॉलेज आणि विभाग यांचं महत्त्व खूप आहे, कारण तिथे तुम्ही एकाच विषयात तीन वर्षं काम करता. पैसे मोजकेच असतील तर बीडीएसला वाचवा आणि एमडीएससाठी राखून ठेवा, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पदव्युत्तरच्या राज्य कोट्यात बीडीएस कोणत्या राज्यातून केलं याला वजन असतं. परराज्यात बीडीएसला जाताना हे आधी तपासा.

११. पुढे अमेरिका किंवा इंग्लंडला जायचं आहे. तिथे कॉलेजचं नाव चालतं का?

इंग्लंडमध्ये आपल्याकडच्या दंतवैद्यांना नोंदणीसाठी ओआरई किंवा एलडीएस ही परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत परवान्यासाठी तिथल्या मान्यताप्राप्त दंत महाविद्यालयात दोन-तीन वर्षांचा ॲडव्हान्स्ड स्टँडिंग (परदेशी दंतवैद्यांसाठीचा) अभ्यासक्रम करावा लागतो आणि आयएनबीडीई ही परीक्षा द्यावी लागते. प्रवेशाच्या वेळी तुमच्या गुणपत्रिकांचं तिथल्या पद्धतीने मूल्यांकन होतं, त्यामुळे बीडीएसची टक्केवारी इथे खरोखर उपयोगी पडते. अनेक ठिकाणी प्रत्यक्ष हाताचं काम करून दाखवावं लागतं. तो अभ्यासक्रम अतिशय महाग आहे. तेव्हा इकडे वाचवलेले पैसे तिकडे लागतील.

१२. सरकारी जागा नागपूरला लागते आहे, खाजगी घराजवळ. काय करू?

नागपूरला जा. वसतिगृह, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च धरूनही बहुतेकदा खाजगीपेक्षा स्वस्त पडतं आणि ओपीडीत माणसांची वाण नसते. घरात आजारपण असेल किंवा मूल लांब राहू शकणार नसेल, तर गोष्ट वेगळी.

१३. "मॅनेजमेंटमधून करून देतो, थोडं वरचं द्यावं लागेल" असं एक जण म्हणतोय. द्यावेत का?

अजिबात देऊ नका. महाराष्ट्रात देणगीशुल्काला १९८७च्या कायद्याने बंदी आहे. संस्थात्मक कोट्याच्या जागासुद्धा नीटच्या गुणांवर आणि ठरलेल्या प्रक्रियेनेच भरायच्या असतात. रोख पैसे घेणारा मध्यस्थ पावती देत नाही आणि पुढे फोनही उचलत नाही. प्रत्येक रुपया कॉलेजच्या खात्यात आणि पावतीवरच भरा.

१४. नवीन कॉलेज आहे, शुल्क कमी आहे. घ्यावं का?

परवानगी आणि पदवीची मान्यता या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. नव्या कॉलेजला सुरुवातीला दर वर्षी परवानगी घ्यावी लागते, आणि पदवीला मान्यता पहिली तुकडी अंतिम वर्षाला पोहोचते त्या सुमाराला मिळते. ज्या वर्षी तुम्ही प्रवेश घेताय त्या वर्षाची परवानगी आहे का, हे नियामक संस्थेच्या यादीत स्वतः बघा. कॉलेजच्या जाहिरातीवर विसंबू नका. (डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणणारा कायदा २०२३ मध्ये झाला आहे.) नवं कॉलेज जुन्या, चालत्या रुग्णालयाला जोडलेलं असेल तर ओपीडीची चिंता कमी होते. नुसती नवी इमारत असेल तर प्रश्न ४ मधली फेरी दोनदा मारा.

१५. महागडं, नावाजलेलं कॉलेज घेणं कधी योग्य ठरतं?

कर्ज न काढता घरातून सहज शुल्क भरता येत असेल, आणि त्या कॉलेजची ओपीडीही भरलेली असेल, तेव्हा. काही अभिमत कॉलेजं मोठ्या रुग्णालयाच्या आवारात आहेत आणि आसपासच्या जिल्ह्यांतून तिथे पेशंट येतात. अशा ठिकाणी अपघाताच्या, जबड्याच्या अस्थिभंगाच्या केसेस बघायला मिळतात, ज्या लहान कॉलेजात क्वचितच येतात. अध्यापन किंवा संशोधनाकडे खरा ओढा असेल तर चांगलं ग्रंथालय आणि शोधनिबंध छापणारे प्राध्यापक यांचाही उपयोग होतो. आई-वडिलांचा चालता दवाखाना असेल तर मात्र नावासाठी जादा पैसे घालू नका. ते पैसे दवाखान्यात दुसरी चेअर घेण्यात घाला.

१६. आधी अभिमतची जागा घेऊन ठेवली आणि नंतर राज्याच्या फेरीत चांगलं कॉलेज मिळालं तर?

एमसीसीमध्ये अभिमतसाठी २ लाख रुपये अनामत भरावी लागते. साधारणपणे पहिल्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर अनामत सुरक्षित राहते. दुसऱ्या फेरीपासून जागा सोडल्यास ती जप्त होते, आणि नंतरच्या फेऱ्यांत पुढच्या प्रवेशावरही बंधनं येतात. दोन्ही प्रक्रियांच्या तारखा एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून भिंतीवर लावा. मूळ कागदपत्रं एका कॉलेजात अडकली की दुसरीकडे हजर होता येत नाही. जागा सोडल्याचं पत्र आणि कागदपत्रं परत घेतल्याची पोच हातात आल्याशिवाय तिथून हलू नका.

१७. एका वर्षानंतर दुसऱ्या कॉलेजात बदली करून घेता येईल का? मग आत्ता मिळेल ते घेतो.

या भरवशावर प्रवेश घेऊ नका. बीडीएसमध्ये बदली हा विद्यार्थ्याचा हक्क नाही. पहिलं वर्ष उत्तीर्ण झाल्यावर, अगदी अपवादात्मक आणि गंभीर कौटुंबिक कारणासाठीच तिचा विचार होतो. "कॉलेज आवडलं नाही" किंवा "शुल्क परवडत नाही" ही कारणं त्यात बसत नाहीत. मिळणारं कॉलेज पाच वर्षं चालणार नसेल, तर या वर्षी थांबून नीट पुन्हा द्यायची का, हा विचार पैसे भरण्याआधी करा.